संशय कुणावर ते वाचा

दोन हजार सोळा साली मी सहासष्ट वर्षांचा होतो, आणि तोवर पोलीस ठाणं मी फक्त एस.टी.च्या खिडकीतून पाहिलेलं होतं. त्या वयात माणसाला नवीन नाव मिळत नसतं. मला मिळालं. आरोपी.

वकीलसाहेब, सगळं कोर्ट तुम्हाला सुधाकरराव म्हणायचं, मी मात्र वकीलसाहेबच म्हणलं, आता बदलत नाही. तुम्ही जाऊन आज सतरा दिवस झाले. वहिनींनी तुमच्या ओळखीच्या सगळ्यांना आठवणी लिहायला कागद दिलेत. मोठाले वकील लिहितील, तुम्ही कुठं जन्मलात, कुठं शिकलात ते सगळं मांडतील. मला त्यातलं काही ठावूक नाही. मी तिसरी शिकलेला माणूस. पण वहिनींनी कागद हातात दिला, आणि घेतलेला कागद कोरा परत करणं माझ्यानं व्हायचं नाही. लिहितोय ते रडायला नाही. लई वर्षांनी मोकळा झालोय, म्हणून लिहितोय.

ज्यांना ठावूक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी पाचोडकडचा. शेती आहेच, पण मला दहा गावं ओळखतात ती बैलाच्या दातांमुळं. बैलाचं वय दातांत असतं. आधी दुधाचे दात, मग पक्के दोन, चार, सहा, आठ. आठ आले की बैल जुळला म्हणायचं, आणि पुढं दात झिजत जातात. बाजारात कुणी बैल घेऊ लागला की मला हाक मारायचा, "आबा, जरा तोंड बघा." मी तोंड उघडून सांगायचो. याच्यासाठी मी कुणाचा चहासुद्धा घेतला नाही. आणि मी सांगितल्यावर दुसऱ्या कुणी त्या बैलाचं तोंड पुन्हा उघडत नव्हतं. माझी मिळकत म्हणायची तर एवढीच.

त्या साली मी शहरातल्या छावणीच्या बैलबाजारात आलो होतो. लासूर स्टेशनकडचा एक गडी बैल घेत होता. विकणारा व्यापारी रामकिसन. म्हणत होता, बैल चार दाती. गड्यानं मला विचारलं, मी तोंड उघडलं. दात कानशीनं घासून नीट केलेले. बैल जुळून पाचसहा वर्षं झाली असतील. मी तसं मोठ्यानं सांगितलं, कारण हळू सांगायची मला सवय नाही. रामकिसनला चारचौघांत राग आला, त्यानं बैल हाकायची पराणी उचलली, तिच्या टोकाला खिळा होता, आणि ती माझ्या डोक्यावर उगारली. मी काठी मारली. त्याचा हात मोडला. एवढीच हकीकत. तेव्हापासून आजपर्यंत मी यात एक शब्द घातला नाही, एक काढला नाही.

ठाण्यात त्यानं फिर्याद दिली ती वेगळी. म्हणे, तो हात खाली सोडून गुमान उभा होता, आणि मी, भागुजीनं, मागून येऊन मारलं.

तुमची माझी पहिली भेट त्या ठाण्यातली. तुम्ही दुसऱ्याच कुणाच्या कामाला आला होता. जमादार मला समजावून थकला होता, की बाबा, गुन्हा जामिनाचा आहे, कुणीतरी जामीन राहू द्या, सही करा आणि घरी जा. मी बाकावर बसून होतो. मी म्हणत होतो की बोलावलं तेव्हा येईन हा माझा शब्द आहे, माझ्यासाठी दुसऱ्यानं सही कशाला करायची. दहा गावांत माझ्या शब्दावर बैल फिरतात. तुम्ही मागं उभं राहून ऐकत होता. मग पुढं आलात.

"बाबा, तुमचा शब्द पुरतो," तुम्ही म्हणलात. "पण या फॉर्मात शब्द लिहायला रकाना नाही. जामीनदाराला आहे."

जमादार हसला. मला हसू आलं नाही, पण पटलं. माझ्या बायकोच्या, अनुसयेच्या, भावाला बोलावलं. तो आयुष्यभर मला भिऊन राहिलेला माणूस, त्यानं माझ्यासाठी सही केली आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मला लई जड लागला.

मग सुरू झालं ते तुमच्या भाषेतलं सहा वर्षांचं कामकाज. तपास झाला, पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केलं, समन्स आलं, आणि मी अदालत रोडवरच्या कोर्टाच्या त्या व्हरांड्यात उभा राहायला शिकलो. पहिल्या दिवशी शिपायानं माझ्या बापाचं नाव लावून तीनदा पुकारा केला. माझ्या बापाला जाऊन चाळीस वर्षं झालेली. त्याचं नाव असं आरोपीच्या मागं जोडून ओरडलेलं मला सोसलं नाही, मी ओ दिली नाही. तुम्ही धावत आलात, "भागुजीराव, ओ द्या, नाहीतर गैरहजर लिहितील आणि वॉरंट काढतील." मी म्हणलं, मी गुन्हेगार नाही. तुम्ही त्या गर्दीत, बगलेत पाच फायली धरून, मला सांगत बसलात. आरोपी म्हणजे गुन्हेगार नाही. आरोपी म्हणजे ज्याच्याकडं कुणीतरी बोट दाखवलंय असा माणूस. बोट दाखवणारा खरा की खोटा ते अजून ठरायचंय, आणि ते त्यानंच शाबीत करायचंय. तुम्हाला काही शाबीत करायचं नाही.

ही शेवटची गोष्ट मला पटली नव्हती. मी म्हणलं, का नाही, मी करतो ना शाबीत. तुम्ही कपाळाला हात लावलात.

पुढच्या तारखेला मी तुम्हाला खरंच घाम फोडला. न्यायाधीश बाई होत्या, तरुण होत्या, आवाज मऊ होता. त्यांनी माझ्यावरचा दोषारोप वाचून दाखवला, कलम तीनशे पंचवीस, जबर दुखापत. मग विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?"

मी म्हणलं, "काठी मारली. कबूल."

बाईंचं पेन थांबलं. टायपिंग करणारा माझ्याकडं बघायला लागला. तुम्ही उठलात, एक मिनिट मागून घेतलंत आणि माझं मनगट धरून मला बाहेर आणलंत. बैलाला कासऱ्यानं ओढतात तसं.

"काय बोललात तुम्ही?"

"खरं बोललो."

"तुम्हाला काठी मारली का असं विचारलं का कुणी?"

"मग काय विचारलं?"

"गुन्हा कबूल आहे का, असं विचारलं. काठी मारणं ही घटना. ती गुन्हा आहे की नाही हे ठरवायला तर सगळे बसलेत. डोक्यावर पराणी आली म्हणून काठी मारली तर कायद्यात तो गुन्हाच नाही."

मी तुम्हाला म्हणलं की बाजारात कबूल हा एकदाच बोलायचा शब्द आहे. सौदा करताना रुमालाखाली हात धरून एकदा कबूल म्हणलं की माघारी फिरता येत नाही. मी काठी मारली आणि आता नाकबूल म्हणू? लोक म्हणतील भागुजी फिरला. तुम्ही माझं मनगट सोडलंत. मग म्हणलात, "भागुजीराव, तो म्हणतोय बैल चार दाती. तुम्हाला विचारतायत, कबूल आहे का. काय म्हणाल?"

मी म्हणलं, "आधी तोंड उघडू द्या."

"हां. तेवढंच आत जाऊन सांगा."

मी आत गेलो आणि म्हणलं, गुन्हा कबूल नाही, खटला चालवा. बाईंनी लिहून घेतलं. त्या हसल्या असं मला वाटलं, पण तुम्ही म्हणलात न्यायाधीश हसत नसतात.

त्या दिवसापासून तुम्ही मला शब्द शिकवायला लागलात आणि मी तुम्हाला दात. तुम्ही म्हणायचात, रामकिसनची उलटतपासणी घ्यायची तर मला त्याच्यापेक्षा जास्त ठावूक पाहिजे. एका सकाळी तुम्ही कोर्टाच्या आधी काळ्या कोटातच छावणीच्या बाजारात आलात. मी तुमच्या हातानं बैलाचा खालचा ओठ ओढायला लावला. बैलाला वरती पुढचे दात नसतात हे तुम्हाला माहीतच नव्हतं. आजोबा निजामाच्या अदालतीत कारकून, बाप वकील, आणि तुम्हाला वाटायचं बैलाला वर खाली सारखे दात. बैलानं तुमच्या गळ्यातली पांढरी पट्टी चाटून काढली. तुम्ही तशीच ओली पट्टी लावून कोर्टात उभे राहिलात, आणि तिथल्या तुमच्या मित्रांनी विचारलं तर सांगितलंत, "अशिलानं आशीर्वाद दिला."

एक गोष्ट मात्र मी तेव्हा बोललो नाही. त्या दिवशी तुम्ही बैलाचं तोंड सोडताना त्याच्या नाकावरून हात फिरवलात. तेव्हा मी मनात ठरवलं की या माणसावर खटला सोडायला हरकत नाही.

साक्षी सुरू झाल्या. मध्ये रोगाच्या साथीत कोर्ट बंद राहिलं, न्यायाधीश बदलले, पुन्हा बदलले. लासूरचा गडी साक्षीला आला नाही. तुम्ही स्वतः रेल्वेनं त्याच्या घरी जाऊन आलात, तो म्हणाला, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. मी संतापलो. तुम्ही म्हणलात, बरोबर बोलला, आपण दोघं शहाणे नाही. रामकिसननं साक्ष दिली, तेच, हात खाली होता आणि मार मागून बसला. तुम्ही त्याला चार वेळा फिरवून फिरवून तेच विचारलंत, हात खालीच होता ना, नक्की ना, आणि तो दरवेळी व्हय म्हणाला. मला वाटलं, हा कसला वकील, समोरच्याचीच गोष्ट पक्की करून देतोय. जेवायच्या सुट्टीत मी तुमच्याशी बोललो नाही. तुम्ही तुमच्या डब्यातली दशमी माझ्यापुढं सरकवलीत, ती मी घेतली नाही. पुढच्या तारखेला डॉक्टर आले तेव्हा मला कळलं.

डॉक्टरांनी हाड सांगितलं, कोपर आणि मनगटाच्या मधलं, करंगळीच्या बाजूचं. तुम्ही विचारलंत की हात खाली सोडलेला आहे, मार मागून आलाय, तर नेमकं हेच हाड मोडेल का. डॉक्टर म्हणाले, कठीण आहे. मग तुम्ही टेबलावरची फाईल गुंडाळलीत, पराणीसारखी डोक्यावर उगारलीत, आणि तसेच उभे राहिलात.

"आणि हात असा असेल, समोरून काठी आली तर?"

"तर हेच मोडेल," डॉक्टर म्हणाले.

तुम्ही बसलात. मला वाटलं आता तुम्ही अर्धा तास बोलाल, डॉक्टरला उभं आडवं कराल. मागून मी तुमचा कोट ओढला, उठा म्हणून. तुम्ही मान न वळवता म्हणलात, "पोट भरलं की पानावरून उठावं."

शेवटी माझा जबाब. पुराव्यातली एकेक गोष्ट न्यायाधीश आरोपीला विचारतात, तुमचं काय म्हणणं म्हणून. तुम्ही आदल्या तारखेला सांगितलं होतं की बहुतेक लोक प्रत्येक प्रश्नाला "खोटं आहे" म्हणतात आणि मोकळे होतात. तुम्ही तसं म्हणा, असं तुम्ही सांगितलं नाहीत. माझ्याकडं नुसतं बघितलंत. तुम्हाला मी तोवर कळलो होतो. मी उभा राहिलो. पहिलं, तुम्ही त्या दिवशी बाजारात होता? खरं. दुसरं, तुमच्या हातात काठी होती? खरं. काठीनं मारलं? खरं. सरकारी वकील खुर्चीत पुढं सरकला. तुम्ही डोळे मिटलेत. मग विचारलं, फिर्यादी शांत उभा होता? मी म्हणलं, खोटं. त्यानं पराणी उगारली, मी काठी मारली. मारली ती मारली. बाहेर आल्यावर तुम्ही म्हणलात, तीस वर्षांत असा जबाब लिहून घेतलेला बघितला नाही, आता एकतर तुम्ही सुटाल नाहीतर मी वकिली सोडीन.

सुटलो. दोन हजार बावीस. मी बहात्तर वर्षांचा. त्या वेळचे न्यायाधीश चष्मा पुसून वाचायला लागले. मला शेवटचं तेवढं ऐकू आलं. "आरोपीची संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता करण्यात येते." तुम्ही माझा हात दाबलात. अनुसया मागच्या बाकावर रडायला लागली. आणि माझ्या कानात एकच शब्द अडकला. संशय.

संशय म्हणजे शक. गावात एखाद्यावर शक असतो, चोरी सापडत नाही, म्हणून त्याला सोडतात. आणि वर फायदा. मी आयुष्यात कुणाचा फायदा घेतला नाही. सहा वर्षं खरं बोलून शेवटी माझ्या नावापुढं सरकारी कागदावर शक लिहून दिला आणि वर फायदा दिला म्हणतात. व्हरांड्यात तुम्ही पेढ्याचा पुडा उघडला होता. पहिला पेढा तुम्ही माझ्यापुढं धरला.

मी म्हणलं, "अपील करा."

"कशाचं अपील?"

"या निकालाचं. मला साफ सोडा म्हणावं. शक ठेवून नको."

तुम्ही हसलात. वकीलसाहेब, तुम्ही हसलात, आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं हसलात. "सुटलेल्या माणसाचं अपील! भागुजीराव, अहो, संशय तुमच्यावर..." पुढचं मी ऐकलं नाही. मी पायऱ्या उतरून गेलो होतो. अनुसया तुमची माफी मागत मागं राहिली. तिनं पेढा घेतला, मला एस.टी.त दिला, मी तो खिडकीतून टाकला. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, म्हणून सांगून टाकतो.

त्यातच दुसऱ्या आठवड्यात पाचोडला चहाच्या टपरीवर एकजण म्हणाला, "सुटलात व्हय आबा? संशयाचा फायदा घेऊन." तो चेष्टेनं म्हणाला का सहज, मला आजवर ठावूक नाही. मी कप खाली ठेवला. त्या दिवसापासून मी बैलाचं तोंड उघडलं नाही. ज्याच्यावर शक आहे त्याच्या शब्दावर कोण बैल घेणार, आणि त्यानं तरी का सांगावं. लोक हाक मारायला घरी यायचे. मी अनुसयेला सांगायला लावायचो की नजर गेली त्यांची. नजर चांगली होती. आताही आहे. तीन वर्षं मी बाजाराच्या दिवशी शेतात बसून राहिलो.

तुम्ही दोनदा फोन केलात. मी घेतला नाही. आणि मागच्या साली तुम्ही घरी आलात. हे मी लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण लिहितो. तुमची रिक्षा बांधावरून येताना दिसली तसा मी गोठ्यात गेलो. अनुसया म्हणाली, शेतात गेलेत. तुम्ही अंगणात बाजेवर बसलात, चहा घेतलात. मी दहा पावलांवर होतो, कडब्याच्या मागं. तुमचा खोकला ऐकू येत होता. तो खोकला बरा नव्हता, ते जनावरं बघणाऱ्या माणसाला कळतं. तुमच्या हातात पाकीट होतं. अनुसया म्हणाली, ठेवून जा, मी देते. तुम्ही म्हणलात, "नको, हे त्यांना मलाच वाचून दाखवायचंय. ते भांडतील, आणि भांडायला समोर माणूस पाहिजे." मग उठलात. जाताना गोठ्यापाशी थांबलात. बैलाच्या नाकावरून हात फिरवलात. तुमची चप्पल मला कडब्याखालून दिसत होती.

वकीलसाहेब, तुम्हाला ठावूक होतं ना मी आत आहे ते?

मी बाहेर यायला पाहिजे होतं. दोन पावलं होती. माझ्यानं झालं नाही. एवढंच लिहितो, यापुढं काही लिहिलं तर ते खोटं सजवल्यासारखं होईल.

तुम्ही गेल्याचं मला दहाव्यानंतर कळलं. चौदाव्या दिवशी मी शहरात आलो. वहिनींना मी पूर्वी एकदाच बघितलं होतं, त्या शाळेत मास्तरीण होत्या तेवढं तुमच्या तोंडून ऐकलेलं. दारात उभा राहून मी नाव सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे सुटल्यावर अपील करायला निघालेले ते तुम्ही." आणि हसल्या. घरात दुखवटा, डोळे सुजलेले, आणि हसल्या. म्हणाल्या, कुणी पाहुणा आला की हे तुमची गोष्ट सांगायचे. म्हणायचे, माझ्या उभ्या आयुष्यात एकच अशील असा भेटला जो खोटं आहे हे वाक्य उधळत बसला नाही. मी विचारलं, माझ्यावर रागावले होते का. त्या म्हणाल्या, रागावले नव्हते, अडून बसले होते. दोघं सारखेच.

मग त्यांनी कपाटातून ते पाकीट आणलं. आत निकालाची नक्कल होती, कोर्टाचा शिक्का मारलेली. निकाल लागल्याच्या आठवड्यातच तुम्ही ती काढून ठेवली होती. एका जागी तुम्ही पेन्सिलीनं रेघ मारलेली, आणि बाजूला तुमच्या बारीक अक्षरात, "भागुजीराव, संशय कुणावर ते वाचा."

अक्षर लई बारीक होतं. मी म्हणलं, बाई, तुम्हीच वाचा. त्यांनी शाळेत धडा वाचतात तसं वाचलं.

"डॉक्टरांचा पुरावा पाहता, फिर्यादी हात खाली सोडून शांत उभा होता या त्याच्या कथनाबद्दल वाजवी संशय निर्माण होतो. याउलट आरोपीने काठी मारल्याचे कुठेही लपविलेले नाही. त्याने पहिल्यापासून एकच हकीकत सांगितली आहे, आणि ती संभवनीय वाटते."

मी म्हणलं, पुन्हा वाचा. त्यांनी वाचलं. मी म्हणलं, फिर्यादीच्या कथनाबद्दल म्हणजे रामकिसनच्या बोलण्यावर ना? त्या म्हणाल्या, व्हय, त्याच्याच. माझ्यावर नाही ना? त्या म्हणाल्या, तुमच्यावर कशाला, तुमचं तर एकच हकीकत असं लिहिलंय. मग फायदा म्हणजे काय? वहिनींनी नक्कल मिटली. त्यांचं बोलणं थेट तुमच्यासारखं आहे. म्हणाल्या, "तो म्हणाला बैल चार दाती. कोर्टानं तोंड उघडून बघितलं. खात्री पटली नाही. मग शक कुणावर, सांगणाऱ्यावर का बैलावर?"

ही गोष्टसुद्धा तुम्ही त्यांना सांगून ठेवली होती.

व्हरांड्यात तुम्ही हेच सांगत होता. संशय तुमच्यावर, म्हणून थांबलात, पुढं "नाही" येणार होता. मी त्या एका "नाही"साठी थांबलो नाही. तीन वर्षं. आमच्याकडं म्हणतात, अर्धं ऐकलं आणि पूर्ण भांडला. तरी एक सांगतो, भांडण अजून मिटलेलं नाही. तो शब्द वाईटच आहे. निर्दोष म्हणायचं आहे तर निर्दोष म्हणा, संशय आणि फायदा मध्ये कशाला घुसवायचे? दहा गावांतला कुठला माणूस तो शब्द सरळ ऐकेल? तुम्ही असता तर म्हणला असता, कायद्याची भाषा आहे भागुजीराव. मी म्हणलं असतं, मग कायद्यानं बाजारात येऊन बोलून बघावं. हे आपलं भांडण राहिलं. पण त्याचं ओझं आता नाही.

मी तिथं, तुमच्या घरात, तुमच्या फोटोपुढं बसून रडलो नाही. वहिनींना वाटलं असेल की माणूस दगडाचा आहे. खरं सांगतो, मला हलकं वाटत होतं, आणि दुखवट्याच्या घरात हलकं वाटतं याची लाज वाटत होती. तुम्ही गेलात याचं दुःख आहेच, ते कडब्यामागच्या दहा पावलांचं आहे, ते जाणार नाही. पण तुम्ही राग घेऊन गेला नाहीत. आणि माझ्या नावावर शक नव्हता, कधीच नव्हता. त्या कागदावर मी तसाच आहे, जसा मी मला ठावूक आहे.

वहिनींनी जाताना वाटीत साखर दिली. म्हणाल्या, पेढा तुम्ही घेतला नव्हता म्हणे. मी ती तिथंच, उभ्यानं खाल्ली.

घरी आलो, अनुसयेला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मग तीन वर्षं बैलांनी काय घोडं मारलं होतं तुमचं?" आणि तिनं बाजाराला जायचं धोतर काढून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पाचोडचा बाजार होता. सकाळी लवकर अंघोळ केली, पटका बांधला, नक्कल घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. कुणाला दाखवायला नाही, नुसती असू द्यावी म्हणून. बैलांच्या ओळीत शिरलो तसे दोघंतिघं बघायला लागले. एकानं हाक मारली, "आबा, नजर आली व्हय?" मी म्हणलं, आली. आडूळकडचा एक गडी तांबड्या बैलापाशी उभा होता, विकणारा चार दाती म्हणून सांगत होता. गड्यानं माझ्याकडं बघितलं. मी काठी काखेत मारली, बैलाचा खालचा ओठ ओढला, नीट बघितलं आणि सोडला. नाकावरून हात फिरवला.

"सहा दाती," मी म्हणलं. "दिवाळीपर्यंत जुळंल."

विकणारा काहीतरी बोलायला लागला. गडी त्याच्याकडं वळला, मग बैलाकडं. त्याचा हात बैलाच्या तोंडापर्यंत गेला. तिथं थांबला. मग त्यानं हात मागं घेतला आणि कासरा धरला.